तांब्यातली राख

आमच्या बँकेच्या जळगाव विभागीय कार्यालयात कायदा खातं पूर्वी जिन्याखाली होतं. भांडण पेटलं, कोर्टात गेलं, की फाइल जिन्यावरून खाली यायची. आमचं काम एकच, 'नाही' म्हणायचं. तेही उशिरा. मग मेघा मॅडम खातेप्रमुख झाल्या, आम्हाला मोठ्या साहेबांच्या शेजारची खोली मिळाली आणि काही करण्याआधी वकिलांना विचारायचं, असं ठरलं. माझं शिक्षण जिन्याखालचं. मी वरच्या खोलीत बसूनही नोटिसाच लिहायचो.

अशात चोपडा शाखेचे मॅनेजर प्रेमराज साहेब यांचा फोन आला. आवाज दबका.

"ललित, आपल्या एका लॉकरमध्ये मयत आहे."

"अख्खं?"

"राख. तांब्यात."

झालं होतं असं. भिकुबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई लॉकर उघडायला आल्या होत्या. आत तांब्या, तोंडाला लाल फडकं. तो हातातून निसटला आणि फरशीवर राख सांडली. बाईंनी ती पदराने गोळा केली, तांब्या कपाळाला लावला, परत आत ठेवला आणि काही न बोलता निघून गेल्या.

तेव्हापासून शाखेतले लोक लॉकररूममध्ये चपला काढून जात होते. कॅशियर उदबत्ती लावायचा. शेजारच्या लॉकरवाल्याने आपले दागिने घरी नेले. चोर परवडला, म्हणाला.

मी लगेच नोटीस लिहिली. 'सदर अस्थी आक्षेपार्ह असल्याने लॉकर तात्काळ रिकामा करावा.' मला ती फार आवडली. मॅडमनी वाचली.

"बाईंना विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"कोण आहे ते."

आमच्या खात्यात असं कुणी कधी केलं नव्हतं. आम्ही गाडी काढून चोपड्याला गेलो. भिकुबाईंना बोलावलं होतंच. त्या लॉकररूमच्या दारात बसल्या होत्या, पायात चपला असलेल्या त्या एकट्याच.

मॅडम त्यांच्यासमोर खालीच बसल्या. "अक्का, लॉकर तुमचा. उघडून दाखवा म्हणायचा मला हक्क नाही. सांगावंसं वाटलं तर सांगा. तांब्यात कोण आहे?"

"वांगं," भिकुबाई म्हणाल्या.

कॅशियरने उदबत्ती विझवली.

भरताच्या वांग्याचं बी होतं. सासूच्या सासूपासून चालत आलेला घरचा वाण, कीड लागू नये म्हणून राखेत घोळलेला. आमच्या सगळ्यांच्याच आज्या बी राखेत ठेवायच्या. पण एसीतली राख आम्ही कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे ओळख पटली नाही.

"पण घरी का नाही ठेवत?" मॅडमनी विचारलं.

"घरमा ठेवं तं बठ्ठा गाव मांगाले येस. माले नही म्हनता येत नही." त्यांनी प्रेमराज साहेबांकडे बोट केलं. "बँकले येस."

एका साली वाटता वाटता त्यांच्याच वाफ्याला बी पुरलं नव्हतं. जेमतेम चार रोपांवर वाण तगला. "लॉकर गया तं वाण गया," त्या म्हणाल्या.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बँकेला 'नाही' म्हणता येतं. आपल्या खात्याबद्दल इतकं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं."

प्रेमराज साहेबांना मात्र आता धीर आला होता. "पण मॅडम, वांगं म्हणजे नाशवंत. करारात नाशवंत चालत नाही." मी मान हलवली. माझ्या नोटिशीत फक्त 'अस्थी' खोडून 'वांगं' लिहायचं होतं.



"नाशवंत म्हणजे ठेवलं की नासतं ते," मॅडम म्हणाल्या. "हे ठेवलं नाही तर नासेल."

धुळ्याच्या कॉलेजात मी कायदा शिकलो, त्यात पहिला वर्गही आणला. हे वाक्य मला मरेपर्यंत सुचलं नसतं.

परत येताना मॅडमनी गाडीतच मुख्य कार्यालयाला नव्या कलमाचा मजकूर पाठवला. महिनाभर खल झाला आणि देशभरातल्या शाखांचा लॉकर करार बदलला. सुकं बियाणं, बंद भांड्यात, चालेल. कुठे बर्फातल्या शाखेत, कुठे समुद्राकाठी, लोक त्या ओळीखाली सह्या करतात आणि ती चोपड्याच्या वांग्यामुळे आली, हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. त्याचा विचार केला की, उघडीप झाल्यावर सातपुडा अचानक जवळ दिसतो, तसं होतं.

पेरणीच्या वेळी भिकुबाई बी न्यायला येणार होत्या. मी काही काम नसताना चोपड्याला गेलो. त्यांनी फडकं सोडलं आणि माझ्या तळहातावर चिमूटभर राख ठेवली. मी फुंकर घातली. पिवळसर, चपटे, अगदी बारीक दाणे उरले.

शाखेतले लोक आता आत चपला घालूनच येत-जात होते. मी ते दाणे त्यांच्या हातात परत दिले, दाराबाहेर जाऊन बूट काढले आणि मग आत आलो.