मोहाच्या पेंडीचा फेस

"पाण्यावर साबणासारखा फेस आलाय, मासे उलटे पडलेत, नि तू म्हणतो काय झालं न्हाय? ओहोटी लागली की उघाडीच्या फळ्या काढनार मी."

दिनानाथकाका बांधावरून ओरडत होता. खारजमिनीतलं हे कोळंबीचं तळं आमचं दोघांचं. पण सकाळी पेंड टाकली ती मी, त्याला न विचारता. भरतीबरोबर जिताड्याची पिल्लं आत शिरलेली. रोज आमची कोळंबी खात होती.

"मासेच मारायचे होते," मी म्हणलो. "कोळंबी जगंल."

"नववीत शाळा सोडलेला मला शिकवनार."

"शाळेत हे शिकवलं असतं तर बसलो असतो."

आमच्याकडं तळं बिघडलं की एकच इलाज. उघाडी, म्हंजे बांधातलं पाण्याचं दार, उघडायची, घाण खाडीत सोडायची. आजाही तेच करायचा. पण तवा उघाडीखाली खाडीत शेजारच्या सत्यवतीकाकूचा जाळीचा पिंजरा नव्हता. त्यात तिचे दोन वर्षं वाढवलेले जिताडे हायत.

मी बादली त्याच्यापुढं सरकवली. फेसाचंच पाणी, त्यात सकाळपासून दोन कोळंब्या. हात लावला तशा टणकन उडाल्या. शेजारी ठेवलेलं मेलेलं पिल्लू उचललं.

"मोहाच्या पेंडीतलं जे फेसाळतं, ते कल्ल्यातून रक्तात जातं नि लाल पेशी फोडतं. माशाचा दम तिथंच संपतो. कोळंबीला लाल रक्तच न्हाय, फोडनार काय? पंधरा दिवसांत पाणी आपोआप निवळंल. आज सोडलंस तर काकूचा एकही जिताडा वाचनार न्हाय."

काका बादलीत बघत राह्यला. मला वाटलं पटलं.

"तिनं पिंजरा टाकताना मला विचारलेलं?"

"मी पेंड टाकताना तिला विचारलं का?"

"आवाज खाली कर."

"न्हाय करनार. पेंड माझी, मेलेले मासे माझे. तिचे माझ्या नावावर नकोत."

"वाडीतल्या रावजीला आनतो. दोघं मिळून तुला उचलून बाजूला ठेवतो, मग बडबड."

तो गेला. बाहेर भरती होती तवर फळ्या काढून उपयोग नव्हता, म्हणून मी घरी आलो. बाईकला बांधायची साखळी काढली, कुलूप घेतलं. फळ्यांना साखळी, साखळीला मी. उचला म्हणावं.

खिडकीतून खाडी दिसते. कडेचा चिखल उघडा पडायला लागलाय. मला आता निघायला हवं.