छताच्या कापडातले टाके

नणंदेने कॅम्पर व्हॅनची किल्ली आपणहून तिच्या हातावर ठेवली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. औषधांच्या दुकानात वीस वर्षं बसून ती एक गोष्ट शिकली होती. न मागता कोणी काही देऊ लागलं, की आधी मुदत संपल्याची तारीख बघावी.

"गुडघे वर चढू देत नाहीत मला," नणंद म्हणाली. "तुम्ही दोघं फिरा."

पहिल्याच सहलीत गोम कळली. व्हॅनचं छत वर उचललं की चारी बाजूंनी जाड कापड ताणलं जायचं आणि आत दोघांपुरती झोपायची जागा व्हायची. दुपारी ती आडवी झाली, सर आली आणि उशीवर टपटप सुरू झालं. नवऱ्याची बाजू मात्र कोरडी ठणठणीत.

घरी येताच तिने फोन लावला. "ताई, छताचं कापड गळतंय."

"आमच्याकडे तर कधी थेंब नाही आला गं."

"कधी शिवून घेतलं होतं का?"

 "नाही बाई. आणि गाडी कोणाला दिलीही नाही कधी."

न विचारता दिलेल्या त्या उत्तरानेच तिचा संशय पक्का केला.

"धर्माच्या गायीचे दात कशाला मोजतेस?" नवरा म्हणाला. तो पुस्तकं बांधायचा. बोटांना कायम खळ लागलेली. "मीच बघतो, डिंकबिंक लावून."

"तुम्ही हात लावू नका," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी एकटीच गाडी घेऊन तंबू शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली.

त्याने तिला आत बसवलं, खडू दिला आणि बाहेरून पाइपने पाणी मारलं. जिथे ओल दिसेल तिथे तिने खूण करायची. सगळ्या खुणा एकाच जागी आल्या, खिडकीच्या पडद्याखाली. तिथे त्याच रंगाचं एक ठिगळ निघालं. ठिगळाखाली मसुरीएवढी दोन गोल भोकं, कडा वितळलेल्या.

"सिगारेट," म्हातारा म्हणाला. "पण पाणी भोकांतून येत नाहीये, टाक्यांतून येतंय. सुई जितक्या वेळा घातली, तितके नळ."

"कोणी शिवलं असेल?"

"शिंप्याने नाही. दोऱ्याला मेण लावलंय. आणि प्रत्येक टाका आधीच्या टाक्यात अडकवलाय, बघा."

तिने वाकून बघितलं. असे टाके तिच्या घरात जिकडेतिकडे होते, पुस्तकांच्या पाठीला.

सहा वर्षांपूर्वी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून नवऱ्याने सिगारेट सोडली होती.

"गेल्या वर्षी बाहेरगावी ग्रंथालयाच्या कामाला गेला होतात, तीन दिवस," घरी आल्या आल्या ती म्हणाली. "कुठे होतात?"

त्याने हातातली सुई खाली ठेवली. "तलावाकाठी. ताईची गाडी घेऊन."

"कोणाबरोबर?"

"एकटाच. ग्रंथालयाने काम काढून घेतलं. आता मशीनवर बांधतात म्हणे. तुला कोणत्या तोंडाने सांगू? दोन सिगारेटी ओढल्या आणि दोन्हींनी कापड जाळलं."

"आणि वर्षभर तुमच्या बांधणीच्या दुकानात काय करता?"

"शाळांच्या वह्या बांधतो."

अक्षर लागत नसलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे बघावं तसं ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्यासमोरच फोन लावला. "ताई, हे तलावाकाठी खरंच एकटे होते?"

"एकटाच गं. रोज संध्याकाळी मीच डबा नेऊन देत होते," नणंद रडवेल्या आवाजात म्हणाली. "तुला सांगू नकोस म्हणाला, मी ऐकलं. चुकलंच माझं. पण भोकांचं देवाशपथ माहीत नव्हतं."

म्हाताऱ्याने जुने टाके उसवले, आतून-बाहेरून नवं ठिगळ चिकटवलं आणि छत तीन दिवस उघडं ठेवून वाळवलं.

गाडी परत आली तशी तिने नवऱ्याला आत बसवलं आणि स्वतः पाइप धरला. बराच वेळ पाणी मारल्यावर आतून आवाज आला, "कोरडं आहे गं! येऊ का बाहेर?"

तिने नळ बंद केला नाही. "अजून दहा मिनिटं बसा," ती म्हणाली.