शेवटच्या धावपटूच्या मागे

प्रतापने ओकच्या फांदीला बांधलेली नारिंगी फीत ओढून सोडवली, पाठीवरच्या पिशवीत कोंबली आणि खाली पाहिलं. चिखलात बुटांचे ताजे ठसे होते; डावं पाऊल किंचित बाहेर वळलेलं. पद्मिनीचं पाऊल असं पडतं, हे त्याला आज, सदुसष्टाव्या वर्षी, कळत होतं. अमेरिकेतल्या त्यांच्या नोव्हाय गावात घराजवळ रोज संध्याकाळी दोघं फिरायला जात, पण तेव्हा तो पुढे असे आणि ती बरीच मागे. कोपऱ्यावर तो थांबे. ती पोचली की लगेच निघे. तिची धाप ओसरली आहे की नाही, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

आज तो मागे होता. एकतीस मैलांची ही शर्यत शेतांच्या कडेकडेने आणि जंगलातून जात होती. आठवडाभर साचलेला बर्फ अचानक आलेल्या उबेने वितळला होता आणि वाटेचा नुसता रबडा झाला होता. अशा शर्यतीत सगळ्यांत मागच्या धावपटूच्या मागून एक स्वयंसेवक चालतो. वाट दाखवणाऱ्या फिती काढत येतो, कुणी जंगलात राहिलं नाही ना ते पाहतो. त्याला स्वीप म्हणतात. शेवटच्या धावपटूच्या पुढे त्याने जायचं नाही, हा त्याचा मुख्य नियम. शेवटच्या दहा मैलांसाठी प्रतापने हे काम स्वतःहून मागून घेतलं होतं. शेवटची धावपटू पद्मिनीच असणार, याविषयी त्याला शंका नव्हती.

दुसऱ्याही एका गोष्टीविषयी नव्हती. वाटेतलं शेवटचं चेकपॉइंट दुपारी तीनच्या आत गाठलं नाही, तर धावपटूला तिथेच थांबवत. ते तिला जमणार नाही, हे त्याने गृहीत धरलं होतं. म्हणून सकाळीच त्याने गाडी चेकपॉइंटजवळच्या धान्याच्या कोठाराशी लावली होती. मागच्या सीटवर तिची शाल, कोरडे मोजे आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. तिथून स्वयंसेवकांच्या व्हॅनने त्याला त्याच्या टप्प्याच्या सुरुवातीला सोडलं होतं. गाडीची किल्ली जॅकेटच्या खिशात होती. चालताना ती मांडीला लागत होती.

प्रयोगशाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर पद्मिनीने पळायला सुरुवात केली, तेव्हा तो हसला होता. मंडळाच्या गणपतीत चार जणांत म्हणालाही होता, "आमची बायको रोज पहाटे पळून जाते. नशीब, नाश्त्याला परत येते." सगळे हसले. पद्मिनी तेव्हा प्रसादाच्या वाट्या फिरवत होती. तिने त्याच्याही हातात एक वाटी ठेवली.

आता पुढे ओढ्याच्या उतारावर पद्मिनीचा पाय सटकला. दोन्ही गुडघे आणि तळवे चिखलात गेले. प्रताप झपाझप खाली आला.

"हात नको," मागे न वळता ती म्हणाली.

"मी आहे."

"माहीत आहे. तुमच्या त्या जॅकेटची सळसळ केव्हापासून ऐकतेय मी."

"मग बोलली नाहीस?"

"बोलायला श्वास लागतो." तिने तळवे मांडीला पुसले. "आणि फिती काढायचं काम तुम्ही हौसेने घेतलंत, हे मला पटेल असं वाटलं? अहो, दिवाळीची माळ मार्चपर्यंत उतरवत नाही तुम्ही."

ती उठली. क्षणभर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पुढचा चिखल निरखला, कुठला दगड वजन घेईल ते ठरवलं आणि निघाली. प्रताप आपला पुढे केलेला हात तसाच धरून राहिला. मग त्याच हाताने त्याने ओढ्याकाठची फीत काढली.

त्यानंतर ती आणखी दोनदा पडली. दोन्ही वेळा तो थांबून राहिला. दोन्ही वेळा ती तशीच उठली. आधी श्वास, मग दगड, मग पाऊल.

चेकपॉइंटच्या तंबूतून त्यांची मुलगी केया धावत बाहेर आली. आज तीही तिथे स्वयंसेवक होती.

"आई! यू मेड इट! अजून सहा मिनिटं आहेत. बसू नकोस हां, पाय लॉक होतील."

तिने डब्याचं झाकण उघडलं. मऊ भात, तूप, मेतकूट. पद्मिनी उभ्यानेच खाऊ लागली. बाजूला कुणीतरी मिठात घोळवलेले उकडलेले बटाटे मांडले होते, त्यातलाही एक तिने भातात कुस्करला. खाता खाता तिची नजर कोठाराकडे गेली.

"गाडी इथे कशी?"

"फिनिशला पार्किंग मिळत नाही," प्रताप म्हणाला.

मागच्या काचेतून घडी घातलेली शाल दिसत होती. पद्मिनीने ती पाहिली. चमचा डब्यात ठेवला आणि बुटाची नाडी आवळायला वाकली.

चेकपॉइंटची प्रमुख डेब्रा नावाची उंच बाई होती. ती प्रतापजवळ आली आणि हळू आवाजात इंग्रजीत म्हणाली, "वेळेत आहे, पण पुढची वाट याहून वाईट आहे. तुम्ही तिच्या मागून आलात. सोडू का तिला पुढे?"

याच प्रश्नाची तो सकाळपासून वाट पाहत होता. उत्तरही तयार होतं: वय, गुडघे, थंडी. केया त्याच्याकडे पाहत होती.

"बाबा, तू सांग. इज शी ओके?"

प्रतापने खिशात हात घातला आणि किल्ली काढून केयाच्या हातावर ठेवली.

"गाडी फिनिशला घेऊन जा. शाल बाहेर काढून ठेव, आईला तिथे लागेल."

"पण पार्किंग..."

"मिळेल."

मग तो डेब्राकडे वळला. "शी इज फाइन," तो म्हणाला. "मागे पडतोय तो मी."

पद्मिनीची नाडी बांधून झाली होती. ती जरा वेळ तशीच वाकलेली राहिली. मग उठली आणि वाटेला लागली.

ती दोघं जंगलाच्या कडेला पोचली तेव्हा दिवस कलला होता. समोर उघडं शेत, त्यापलीकडे शर्यतीची शेवटची रेषा. बरेच तंबू उतरवले गेले होते, पण थोडी माणसं अजून उभी होती. शेवटच्या झाडाशी पद्मिनी थांबली. सवयीने वाटेच्या बाजूला झाली आणि त्याच्याकडे वळली.

"चला."

"तू हो पुढे," प्रताप म्हणाला. "मला ही फीत सोडवायची आहे."

"एका ओढीत तर सुटते."

"ही घट्ट बसलीय."

तिने फितीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चिखलाने तिचा अर्धा गाल माखला होता आणि त्याखाली ती हसत असावी. मग ती वळली आणि धावू लागली.

शेतापलीकडून केयाची हाक आली, घंटा वाजली. फीत केव्हाच प्रतापच्या मुठीत आली होती. ती पिशवीत न टाकता तो झाडाशी उभा राहिला आणि दर पावलाला किंचित बाहेर वळणारा तो डावा पाय रेषेपार जाईपर्यंत पाहत राहिला.