हेर ओपित्झ यांची पेटी

गाडीचं मागचं दार उघडून हेर ओपित्झ यांनी दोन्ही हातांनी पेटी बाहेर ओढली, तेव्हा नीलाचे हात आपोआप पुढे झाले. तिने ते तसेच मागे घेतले.

"परवाना माझ्या नावावर आहे," तिच्याकडे न बघता ते म्हणाले. "पेटी मीच नेणार."

"माहीत आहे."

पेटी काळी, कडक, त्यांच्या छातीपर्यंत येणारी. एका टोकाला दोन चाकं होती, पण विमानतळाबाहेरच्या फुटपाथच्या कडेवर ती अडली. एकोणऐंशी वर्षांच्या त्या माणसाने पाय रोवून, श्वास रोखून ती वर घेतली. नीला त्यांची कपड्यांची बॅग घेऊन मागे चालत राहिली. काडतुसांचा डबाही त्यांनी स्वतःच्याच खांद्याला लावला होता.

जर्मनीतल्या येना शहरातल्या एका चार मजली इमारतीत नीला गणवीर सहा वर्षं त्यांच्या डोक्यावरच्या घरात राहत होती. ती भिंगांवरच्या लेपांवर संशोधन करायची. ते चाळीस वर्षं काचेच्या कारखान्यात भिंगं घासून निवृत्त झालेले. ओळख झाली ती कचऱ्यावरून. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिची पिशवी चुकीच्या डब्यातून काढून दारात आणून ठेवली होती, वर नीट अक्षरात चिठ्ठी: यातलं काय कुठे जातं ते. तिला राग आला होता. मग डिसेंबरात तिचं हीटिंग बंद पडलं आणि इमारतीची देखभाल करणारा हाउसमायस्टर तीन दिवस फोन उचलेना, तेव्हा तेच ओपित्झ अवजारांची पेटी घेऊन वर आले, दोन तास गुडघ्यांवर बसून काम केलं आणि चहाला नको म्हणून खाली गेले. तेव्हापासून ते तिला नीला म्हणत, पण अहो-जाहोच करत; ती त्यांना जर्मन रीतीने 'हेर', म्हणजे श्रीयुत, ओपित्झच म्हणे.

तिचा नवरा जीवन आठवडाभर स्टुटगार्टला असायचा. काल फोनवर तो म्हणाला होता, "अगं, बंदूक घेऊन विमानात बसणाऱ्या माणसाला तू सुट्टी टाकून बर्लिनपर्यंत सोडायला जाणार?"

"ट्रेनमध्ये एवढी पेटी एकटे कसे चढवतील ते?"

"आणि बंदुकीचं तुला काहीच वाटत नाही?"

वाटत होतं. प्राणिहत्या न करण्याचं, पंचशीलातलं पहिलं शील ती बोलायला लागल्यापासून म्हणत आली होती. एकदा तिने त्यांना सरळ विचारलंही होतं, आजवर किती मारलीत म्हणून. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अठ्ठावीस वेळा स्वीडनला गेलो. अकरा एल्क मारले, तिकडची घोड्याएवढी हरणं." मग थोडं थांबून, "एकदा नेम चुकला. जखमी होऊन पळाला तो. मी आणि तिकडचा माझा मित्र गुन्नार दोन दिवस चिखलातून शोधत होतो. सापडेपर्यंत जेवलो नाही." त्यानंतर नीलाने तो विषय काढला नाही. तिला शिकार पटली नव्हती. माणूस मात्र पटला होता.

पूर्व जर्मनीच्या राजवटीत शिकारीची बंदूक स्वतःची नसायची. सामायिक बंदूक सकाळी सही करून घ्यायची आणि संध्याकाळी परत द्यायची. बर्लिनची भिंत पडल्यावर, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ओपित्झ यांनी आपल्या नावाची पहिली रायफल घेतली. ती हीच. पुढल्याच वर्षी ती घेऊन ते स्वीडनला गेले आणि तिथे त्यांना गुन्नार भेटला. गेली तीन वर्षं मात्र जाणं झालं नव्हतं. आधी बायकोचं, हानेलोरेचं, आजारपण, मग तिचं जाणं, मग गुडघ्याचं ऑपरेशन. यंदा गुन्नारचं निमंत्रणपत्र आलं तेव्हा ते वर येऊन नीलाला ते दाखवून गेले होते.

चेक-इनच्या काउंटरवर त्यांनी कागद एकाखाली एक ओळीने मांडले. युरोपीय शस्त्र-पास, निमंत्रणपत्र, विमान कंपनीची परवानगी.

"शस्त्र रिकामं आहे?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"रिकामं. बोल्ट काढून वेगळा ठेवलाय. काडतुसं दुसऱ्या डब्यात, दुसऱ्या कुलपात. वजन दोन किलो शंभर ग्रॅम."

मुलगी हसली. "सगळ्यांनी असं आणलं तर बरं होईल."

तिने पोलिसांच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे रायफलवरचा नंबर पासशी ताडून बघणार आणि मग पेटी मोठ्या सामानाच्या पट्ट्यावर जाणार. खोलीत एक लांब टेबल होतं आणि एक तरुण अधिकारी. दाराबाहेर फिनलंडला निघालेले दोघे शिकारी आपल्या पेट्या टेकवून गप्पा मारत होते.

"उघडा, प्लीज," अधिकारी म्हणाला.

ओपित्झ यांनी पेटी टेबलावर आडवी ठेवली. चार आकड्यांच्या कुलपावर अंगठा टेकवला. पहिली चकती फिरवली. दुसरी. आणि थांबले.

नीला दाराशी उभी होती. आधी तिला वाटलं, चष्मा हवा असेल. त्यांनी चकत्या पुन्हा शून्यावर आणल्या आणि पुन्हा सुरुवात केली. कुलूप ओढलं. उघडलं नाही. तिसऱ्यांदा वेगळा आकडा पुटपुटत लावला. ती त्यांच्या लग्नाची तारीख होती हे नीलाला कळलं, कारण तारीख लिहिलेला लग्नाचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात होता.

"सावकाश करा," अधिकारी म्हणाला.

"आल्झो... तर मग," ते म्हणाले, आणि चकत्या पुन्हा शून्यावर आणल्या.

आकडा नीलाला माहीत होता. सकाळी ती त्यांना बोलवायला खाली गेली तेव्हा ते पेटीत शेवटची नजर टाकत होते आणि कुलूप लावताना आकडे पुटपुटत होते. तिने मुद्दाम कान दिला नव्हता. पण दिवसभर आकड्यांत वावरणाऱ्या बाईला चार आकडे न ऐकणं जमत नाही. ती बोलायला पुढे झाली आणि ओठांपाशी आलेला शब्द तिने गिळला. परवाना नसलेल्या शेजारणीला कुलपाचा आकडा ठाऊक आहे, हे पोलिसापुढे निघालं तर यांचा परवाना जाईल. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

ओपित्झ यांच्या मानेवर घाम आला होता. बाहेरच्या दोघांचं हसणं थांबलं होतं.

"यांना जरा पाणी देऊ का?" नीलाने विचारलं. "सकाळी सातला निघालोय आम्ही."

"जाऊन या ना. पेटी इथेच राहू दे. वेळ आहे अजून."

बाहेर बाकावर बसल्यावर तिने बाटली त्यांच्या हातात दिली. ते प्यायले नाहीत. तिने आवाज अगदी खाली आणला.

"हेर ओपित्झ, मला माहीत आहे तो. सकाळी तुम्ही पुटपुटत होतात. मी इथेच सांगते. तुम्ही आत जाऊन लावा. दहा मिनिटांत मोकळे व्हाल."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कचऱ्याची पिशवी दारात आणून ठेवणाऱ्या माणसाचे तेच निळे, कोरडे डोळे.

"नका सांगू."

"प्रवासाचा शीण असतो. कुणीही विसरतं. मी स्वतः बँकेचा पिन दोनदा–"

"नीला." ते थांबले. बाटलीचं झाकण त्यांनी घट्ट बसवलं, पुन्हा उघडलं. "मंगळवारी रात्री बंदुकीचं कपाट उघडंच राहिलं होतं. रात्रभर. बुधवारी सकाळी मी पाहिलं. दार सताड उघडं. तळमजल्यावर ती दोन लहान मुलं राहतात. पायऱ्यांवर खेळतात, माझं दार उघडं दिसलं की आत येतात बिस्किटाला."

नीला बाकावर त्यांच्या आणखी जवळ सरकली.

"चौतीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, जायच्या गडबडीत झालं. म्हटलं, एकदाच जाऊन येऊ, मग बघू." ते उठले. गुडघ्यामुळे त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला. "आज बघायचं होतं बहुतेक."

ते आत गेले. नीला त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेली. टेबलापाशी ते ताठ उभे राहिले. कारखान्यात काम तपासायला देताना ते असेच उभे राहत असतील, असं तिला वाटलं.

"मला आकडा आठवत नाही," ते म्हणाले. "आणि गेल्या मंगळवारी माझं शस्त्राचं कपाट रात्रभर उघडं राहिलं. दोन्ही लिहून घ्या."

अधिकाऱ्याने पेन उचललं होतं, ते तसंच हातात राहिलं. तो विशीतला, फार तर पंचविशीचा असेल.

"हेर ओपित्झ, पहिल्याचं आपण काहीतरी करू. दुसरं तुम्ही मला सांगायलाच पाहिजे असं नाही. मी विचारलेलं नाही."

"गेनाऊ. अगदी बरोबर. म्हणूनच सांगतोय."

अधिकाऱ्याने खुर्ची ओढून पुढे केली आणि ते बसेपर्यंत स्वतः उभा राहिला.

मग कागद झाले. रायफल स्वखुशीने जमा. कुलूप तंत्रज्ञ उघडेल, नंबर नोंदवला जाईल, पुढचं सगळं येनाच्या कार्यालयामार्फत. काडतुसांचा डबाही जमा. ओपित्झ यांनी प्रत्येक पान वाचलं, एका ठिकाणी स्पेलिंगची चूक दाखवली, ती दुरुस्त करून घेतली आणि मगच सही केली. उठताना त्यांनी पेटीच्या झाकणावर तळवा टेकवला. क्षणभरच.

"उत्तम अवस्थेत आहे ती," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "तेल लावलेलं आहे."

"हो. दिसतंय," तो म्हणाला, जरी पेटी बंदच होती.

बाहेर फिनलंडवाल्या दोघांपैकी जो वयाने मोठा होता त्याने त्यांना वाट देताना डोक्यावरची टोपी काढली. ऐकलं असावं त्याने सगळं.

विमानाला अजून सव्वा तास होता. नीलाने विचारलं, "घरी जायचं ना?"

"गुन्नारला कळवायला हवं. तो तीन तास गाडी चालवून मला घ्यायला येणार आहे." त्यांनी जुना फोन काढला. ऐकू कमी येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवरच बोलत. नीला दोन पावलं बाजूला सरकली, तरी ऐकू येणारच होतं.

"मानफ्रेड," ओपित्झ यांना पहिल्या नावाने हाक मारत पलीकडून स्वीडिश हेलातलं जर्मन आलं. "उशीर झाला का विमानाला?"

"नाही. गुन्नार, मी येत नाहीये. रायफल जमा केली. पोलिसांकडे. मी विसरायला लागलोय. आता ती माझ्याकडे नको." एका दमात बोलून ते थांबले. "आधी कळवायला हवं होतं."

पलीकडे कुठेतरी कुत्रं भुंकलं, कुणीतरी त्याला गप्प केलं.

"माझी मी मार्चमध्येच नातीला देऊन टाकली," गुन्नार म्हणाला. "डाव्या डोळ्याने काही दिसत नाही. उजव्याने अर्धं. गाडीसुद्धा आज तीच चालवत येणार आहे."

ओपित्झ यांनी फोन कानाजवळ नेला, मग पुन्हा लांब धरून त्याच्याकडे पाहिलं.

"मग ते निमंत्रणपत्र कशाला पाठवलंस?"

"ते नसतं तर आला असतास तू?"

ओपित्झ यांनी नीलाकडे पाहिलं, पण तिला काही सांगण्यासाठी नव्हे. मग त्यांनी वर, निघणाऱ्या विमानांच्या फलकाकडे नजर टाकली आणि स्टॉकहोमची ओळ शोधली.

"आणि दहा दिवस आपण दोघं करायचं काय?" त्यांनी फोनमध्ये विचारलं.

"काय म्हणजे? पहाटे उठायचं, मचाणावर जाऊन बसायचं, कॉफी प्यायची. आपल्याकडे बंदूक नाही हे एल्कना कुठं माहीत आहे?"