पाचची धून

जपानच्या किनाऱ्यावरच्या हिराकोशी गावात पाच वाजले की खांबांवरचे भोंगे वाजतात. एकच जुनी धून, मिनिटभराची. पोरांनी खेळ टाकून घरी जायचं, एवढाच तिचा अर्थ. मोठ्यांना ती ऐकूही येत नाही. किनुए म्हातारीला मात्र यायची. दिवसभर खिडकीशी ठोंब्यासारखी बसलेली बाई धून सुरू होताच उठे, कमरेला अॅप्रन बांधे आणि सपाता घालून थेट समुद्राच्या बांधाकडे चालू लागे.

तिची मुलगी चिझुरू तेव्हा मासळीच्या कारखान्यात बांगडे साफ करत असे. ती घरी येईपर्यंत कुणीतरी शेजारी म्हातारीला आणून सोडलेलं असे. मग चिझुरू मिठाईचा खोका घेऊन त्या घरी जाई आणि कंबर मोडेस्तोवर वाकून माफी मागे. सुट्टीच्या दिवशी मात्र ती पाचच्या आतच दाराला कडी घाली. लोकांना त्रास देणं म्हणजे त्या गावात चोरीच्या खालोखाल पाप. थंडीत म्हातारी एकदा गटारात पडली, तेव्हा तर चिझुरूला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

डॉक्टर म्हणाले होते, "नावं, चेहरे आधी जातात. गाणं मेंदूत खोल रुजतं, ते सगळ्यात शेवटी जातं."

चिझुरूला त्या गाण्याचा रागच आला. पोटच्या पोरीला विसरायचं आणि भोंग्याचा सूर तेवढा लक्षात ठेवायचा! दोन वर्षांत आईच्या तोंडून तिने स्वतःचं नाव ऐकलं नव्हतं. भरवावं, न्हाऊ घालावं, आणि वर ऐकावं काय, तर "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात." मग चिझुरू न्हाणीघराचं दार लावून रडे.

शेवटी तिने नगरपालिकेतल्या मोरिवाकीच्या हातापाया पडून घरासमोरचा भोंगा बंद करवला. माणूस खांबावर चढला, तार काढून उतरला. त्या संध्याकाळी म्हातारी उठली नाही. नंतरही कधी नाही. चिझुरूला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

महिन्याभराने शेजारच्या तात्सुएकाकू मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या.

"गल्ली कशी ओस पडलीय गं," त्या म्हणाल्या. "किनुएताईंच्या हाका नाहीत ना आता."

"कसल्या हाका?"

"अगं, बांधावर उभ्या राहून ओरडायच्या की! 'चिझू, ए चिझू, घरी ये, भात निवतोय!' आमचे हे म्हणायचे, अजून आली नाही वाटतं ती कार्टी."

"मला कुणी बोललं नाही ते?"

"आधीच तू शरमेने अर्धी झालेली. वर हे सांगितलं असतं, तर आणखी एक खोका घेऊन आली असतीस!"

काकू हसल्या. चिझुरूला हसता येईना. ज्या नावासाठी ती दोन वर्षं झुरत होती, ते रोज गावभर घुमत होतं. आणि तिनेच पाया पडून ते बंद पाडलं होतं.

घरी तिने ती धून गुणगुणून पाहिली. आई नुसती गोड हसली.

"गेल्या महिन्यात बंद करा, आता चालू करा. भोंगा आहे की घरचा रेडिओ?" ती पुन्हा नगरपालिकेत गेली तेव्हा मोरिवाकी म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून वरमला. "तारेचा माणूस आता वसंतातच येईल, ताई. देवळापाशी दुसरा भोंगा आहे. तिथे न्या त्यांना."

चिझुरूने सुट्टी काढली. महिनाभर बसून आईचे पाय आखडले होते. तिला धरून धरून देवळापर्यंत नेलं, शाल लपेटून कठड्याशी बसवलं. खाली वाळू होती आणि उजेड उतरत चालला होता.

धून सुरू झाली. आईचे हात कमरेशी गेले आणि नसलेल्या अॅप्रनच्या नाड्या शोधू लागले. मग ती कठड्याला धरून उभी राहिली.

"चिझू! ए चिझू!"

"आई, मी इथेच आहे. ही बघ."

"सरा हो बाई, मला माझी पोर दिसत नाहीये. चिझू, भात निवतोय!"

चिझुरूने आईच्या नजरेमागे खाली वाळूकडे पाहिलं. मग साठीला आलेली ती बाई धडाधडा पायऱ्या उतरून वाळूत गेली आणि तशीच धापा टाकत परत वर पळत आली.

"आले गं आई!"

"किती उशीर!" आईने तिच्या हातावर चापटी मारली आणि तोच हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "बघू. गारठलीस की गं, चिझू."

आई तिची बोटं चोळत राहिली.

धून संपली. आईचे हात थांबले. तिने समोरच्या पिकल्या केसांकडे पाहिलं, हळूच तिचा हात सोडला आणि अदबीने वाकली.

"माफ करा हं, बाई. मला वाटलं, माझी मुलगीच आली."

"असू दे," चिझुरू म्हणाली, आणि तीही तेवढीच खाली वाकली.