होडीतली मागची जागा

"चांगल्या शिडाला भोकं पाडायची अवदसा कुठून आठवली तुला?"

धाकटी नुसती पेटली होती. शिडाच्या खालच्या भागात कड्यांची आडवी ओळ ठोकलेली. दादा शेडमध्ये होडीशेजारी उकिडवा बसून स्क्रू पिळत होता. मान वर न करताच म्हणाला, वारा वाढला की शीड कड्यांपर्यंत उतरवायचं आणि दोऱ्यांनी बांधून टाकायचं. शीड लहान, जोर कमी.

आपण दोघं असताना जोर कमी कशाला, हे तिचं म्हणणं. चूक काय त्यात? होडी दोघांचीच होती. साच्यात फायबरचं कापड अंथरून, रेझिन चोपडून, दोन उन्हाळे अंग खाजवत त्यांनीच ती केलेली. बाकांच्या पोटात फोम ठासलेला, म्हणजे उलटली तरी बुडायची नाही. तळातली फळी वर ओढता येते, म्हणून गुडघाभर पाण्यातही काठाला लागते. मागे सुकाणूवर दादा, पुढे छोट्या शिडाच्या दोरीवर ती. वारा चढला की दोघांनी होडीच्या तळाशी बांधलेल्या पट्ट्यात पाय अडकवायचे आणि पाठ बाहेर पाण्यावर झोकून द्यायची. पूर्ण शिडाला एकट्याचं वजन पुरत नाही, होडी आडवीच होते.

तेवढ्यात तिला दिसलं. तिची दोरी अडकवायचा चाप तिच्या जागेवर नव्हताच. जुनी भोकं बुजवून, घासून गुळगुळीत केलेली. चाप आता मागे, सुकाणूच्या हाताशी.

मग काय, तिची जीभ सुटली. एकट्यालाच मिरवायचंय तर तोंडावर सांग, दोन उन्हाळे मी काय तुझी हमाल होते का, असं बरंच काही. एरवी एकाला दोन परत करणारा दादा आपला स्क्रू पिळत राहिला. तिला तेच जास्त झोंबलं.

"मागे बसून बघ एकदा," तो शेवटी म्हणाला. "मग घाल शिव्या."

ती धुसफुसत बसली. पट्ट्याखाली पाय घातले, मागे झुकली. पट्टा अगदी तिच्या मापाचा बसला. सुकाणूला जोडलेला लांब दांडा आपसूक मुठीत आला. दादाचे पाय म्हणजे बांबू. या पट्ट्यात त्याचे गुडघे हनुवटीला लागले असते.

तिचा राग गेला कुठे, तिलाच कळेना.

"कधी जातोयस?"

"आज. जहाजावर काम मिळालंय, दोन वर्षांचं. आईला सांगितलंय. तुला सांगायची छाती होईना, बुटके."

ती खाली उतरली आणि होडीची गाडी ढकलायला लागली. दादानेही हात लावला. होडी पाण्यात उतरली, तसं तिने शीड वर ओढलं. पूर्ण, अगदी डोलकाठीच्या टोकापर्यंत. वारा असा होता, की अशा दिवशी ते जेवायलासुद्धा परतत नसत. ती जाऊन पुढे बसली, आपल्या जुन्या जागेवर. मागची जागा मोकळी.

"एक फेरी," ती म्हणाली. "एकच, दादा."

तो कमरेएवढ्या पाण्यात होडी धरून उभा होता. मोकळ्या जागेकडे त्याने बराच वेळ पाहिलं. एक पाय उचललासुद्धा. मग हात वर करून त्याने शीड कड्यांपर्यंत खाली घेतलं आणि एकेक गाठ मारायला लागला, जितकी सावकाश मारता येईल तितकी.

"मागे सरक," तो म्हणाला. "मला आता निघायला हवं."