जपलेला हात

ओफेलियाबाईंना डायलिसिस केंद्रातली सगळी माणसं गावंढळ वाटत. चिनान्देगा शहरात त्यांचं ब्यूटी पार्लर होतं आणि स्वतःच्या गोऱ्या हातांचा त्यांना भारी तोरा. डायलिसिससाठी त्या हातातली शीर धमनीला जोडून फुगवायची, तिथे सुया टोचायच्या, हे त्यांनी साफ उडवून लावलं. त्यापेक्षा मानेतली नळी बरी. वर रेशमी रुमाल बांधला की झालं.

शेजारच्या खुर्चीत रेनाल्दो असे. ऊसतोडीच्या उन्हात मूत्रपिंडं घालवून बसलेला. सुई टोचायच्या आधी तो फुगलेला हात साबणाने चोळचोळून धुई.

"लग्नाला निघालास का रे? त्या रताळ्याकडे कोण बघणार?"

"बघू नका, ओफेलियाताई. कान लावा. आतलं रक्त मांजरासारखं गुरगुरतं."

"शी! लांब हो."

नळीच्या तोंडाशी लाली आली, तेव्हा बाईंनी नर्सला सांगितलं नाही. घरोघरी करतात तेच केलं. किराणा दुकानातून सुट्या अँटिबायोटिक कॅप्सूल आणल्या, एक फोडून पूड पट्टीखाली भुरभुरली, दोन गिळल्या. बरं वाटलं की बंद. पुन्हा लाली, पुन्हा पूड. डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, या माजावर मात्र कुठल्याच दुकानात कॅप्सूल मिळत नाही.

एका दुपारी मशीन सुरू झालं आणि बाईंना अशी हुडहुडी भरली की खुर्ची वाजू लागली. यादिरा नर्सने पट्टी सोडली. आत पू आणि पिवळा चिखल.

"हे काय लावलंत, बाई?"

"औषध. तुमच्याकडे नसतं तसलं."

रक्तात जंतू सापडला. अर्ध्यामुर्ध्या डोसांवर पोसलेला तो, नेहमीच्या औषधांना दाद देईना. शेवटी एक जालीम औषध लागू पडलं आणि बाई वाचल्या. मानेतली नळी काढावी लागली. मानेतल्या शिरा आधीच बुजल्या होत्या, म्हणून मांडीत तात्पुरती नळी घालून त्यांना कोपऱ्यात वेगळं बसवलं. जंतू इतरांना लागू नये म्हणून गाऊन आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणी जवळ फिरकेना.

"आता हाताशिवाय गत नाही," डॉक्टर म्हणाले. "तो तयार व्हायला दोनेक महिने. तोवर ही नळी टिकली तर ठीक. पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच ऐकायला हवं होतं."

रेनाल्दो हात धूत होता. बाईंनी कोपऱ्यातून हाक मारली. आवाजात तोरा उरला नव्हता.

"रेनाल्दो, खरंच गुरगुरतं का रे?"

तो ओल्या हातानेच निघाला.

"जवळ जायचं नाही," यादिराने अडवलं.

तो मध्येच हात पुढे करून उभा राहिला. बाईंनी कान टवकारले. एवढ्या लांबून काहीच ऐकू आलं नाही.